जागतिक साहित्याची प्रबंधिका आणि वेल्ह्याची ओवी

पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'जागतिक साहित्य' किंवा 'तौलनिक साहित्याभ्यास' अशा नावाची एक प्रश्नपत्रिका असते आणि तिच्या अखेरीस विद्यार्थ्याने एक विश्लेषणात्मक निबंध सादर करावा अशी अपेक्षा असते. पुण्यात बसून या अपेक्षेचा विचार करणे वेगळे, आणि भोर किंवा वेल्ह्याच्या विद्यार्थ्याच्या बाजूने करणे वेगळे. रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे या परिसरातून येणारा विद्यार्थी साधारणतः मराठीतून वाचतो. इंग्रजी त्याला कळते, पण त्या भाषेत तो रमत नाही. जर्मन, फ्रेंच, रशियन यांचा प्रश्नच नाही. त्याच्यापुढे 'जागतिक' म्हणून जे येते ते अनुवादाच्या, बहुधा अनुवादाच्याही अनुवादाच्या रूपाने येते. ही त्याची उणीव आहे असे समजून आपले अध्यापन चाललेले असते. ती उणीव नसून अभ्यासविषयाची अटच आहे, आणि निबंधाची उभारणी तिच्यावरच व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अशा निबंधांचा रूढ साचा सर्वांना परिचित आहे. आरंभी गटेचे नाव येते, मग व्याख्या, मग दोन कलाकृतींचे कथासार, त्यानंतर 'साम्य' आणि 'भेद' असे दोन रकाने, आणि शेवटी मानवी मन सर्वत्र सारखेच असते हा निष्कर्ष. बाजारातील मार्गदर्शिकांनी हा साचा इतका पक्का केला आहे की विद्यार्थ्याने कोणत्या दोन कलाकृती निवडल्या याला फारसा अर्थ उरत नाही. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि पुस्तके त्याच्या साक्षीला बोलावलेली असतात. शिवाय या साच्यात एक न बोललेली उतरंड असते. पाश्चात्त्य कलाकृती मोजपट्टीच्या जागी आणि मराठी कलाकृती मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या जागी. 'आपल्याकडेही असे आहे' या वाक्यातला 'ही' सारे काही सांगून जातो.

एक उदाहरण घेऊ. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) आणि गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही जोडी अशा निबंधांना फार सोयीची. दोन म्हातारे, दोन एकान्त. एकाकडे समुद्र, दुसऱ्याकडे राजमाचीचे रान. विद्यार्थी लगेच 'मानव आणि निसर्ग' या शीर्षकाखाली मजकूर भरू लागतो. पण सांतियागो हा निसर्गात रमलेला माणूस नव्हे. मासा गळाला लागल्यावर तो त्याचे वजन अदमासतो, दर पौंडाला किती पैसे येतील याचा हिशेब मनात करतो. त्याचा समुद्र बाजारपेठेला जोडलेला आहे. बुधा मात्र मुंबई सोडून माचीवर परतलेला आहे. म्हणजे बाजारपेठेच्या राजधानीकडे पाठ फिरवून आलेला. एकाचा एकान्त कामाचा भाग आहे, दुसऱ्याचा एकान्त कामापासून सुटण्यात आहे. 'निसर्ग' हा शब्द दोन्ही रकान्यांत लिहिल्याबरोबर हा भेद नाहीसा होतो आणि मग बाकीचे विश्लेषण कितीही बारकाईने केले तरी ते पोकळच राहते.

याहून महत्त्वाचा मुद्दा संहितेचा आहे. विद्यार्थ्याने वाचलेले असते पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' (१९६५), आणि निबंधात तो लिहितो 'हेमिंग्वे म्हणतो'. पु. लं.नी दिलेले शीर्षक हे हेमिंग्वेच्या शीर्षकाचे भाषांतर नाही. मराठी वाचकाला ते दोन शब्द ऐकताच शालेय वाचनातील जाळे विणणारा कोळी आठवतो. पुन्हा पुन्हा पडणारा, पुन्हा पुन्हा चढणारा. मासेमार आणि जाळे विणणारा जीव या दोघांना मराठीत एकच शब्द आहे, या योगायोगाचा अनुवादकाने फायदा घेतला आहे. परिणाम असा की मराठी वाचक पहिले पान उलटण्यापूर्वीच चिकाटीच्या कथेची अपेक्षा धरून बसतो. हेमिंग्वेच्या कथेत चिकाटी आहेच, पण तिच्याबरोबर अतिरेकाची, मर्यादेपलीकडे गेल्याची टोचणीही आहे. आपण फार दूर गेलो ही सांतियागोची जाणीव आहे. मराठी शीर्षक या दुसऱ्या सुराला किंचित मागे सारते का? सारत असेल तर संहितेत पुढे तो सूर कोठे परत येतो? हा खरा विश्लेषणाचा प्रश्न आहे आणि तो विचारायला इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व लागत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून सावकाश वाचण्याची तयारी लागते. भोरच्या विद्यार्थ्याने 'मी हे पुस्तक या अनुवादातून वाचले' असे पहिल्याच परिच्छेदात निःसंकोचपणे लिहावे; त्यातून त्याचा निबंध सुरू होईल.

आता गटेकडे वळू. त्याचे नाव प्रत्येक निबंधात असते म्हणूनच त्याच्याविषयी इतके कमी वाचले जाते. ३१ जानेवारी १८२७ रोजी एकरमानशी झालेल्या संभाषणात त्याने 'विश्वसाहित्या'चे युग आता येऊ घातले आहे असे सांगितले. त्या संभाषणाला निमित्त होते एका चिनी कादंबरीचे, आणि ती त्याने अर्थातच अनुवादातून वाचली होती. पण विश्वसाहित्याची गटेची कल्पना १८२७ मध्ये आकाशातून पडली नाही. तिच्या अर्धशतक आधीची एक घटना आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. आल्बेर्तो फोर्तिस या इटालियन आबेने दाल्मेशियातील प्रवासाचे पुस्तक १७७४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यात तेथील लोकांचे एक गीत मूळ दक्षिण स्लाव भाषेत, इटालियन अनुवादासह छापले. हसन-आगाच्या पत्नीचे ते गीत. गटेला ती भाषा येत नव्हती. मधल्या अनुवादांच्या आधाराने त्याने ते जर्मनमध्ये आणले आणि हेर्डरच्या लोकगीतांच्या संग्रहात ते १७७८ मध्ये आले. म्हणजे विश्वसाहित्याच्या प्रणेत्याचे या क्षेत्रातील एक आरंभीचे काम हे एका डोंगराळ मुलखातील मौखिक गीताचे, तेही अनुवादाच्या अनुवादातून केलेले रूपांतर होते. आपल्या विद्यार्थ्याची स्थिती याहून फार वेगळी नाही.

(जाता जाता: १८२७ हेच वर्ष प्रॉस्पेर मेरिमेच्या 'ला ग्युझ्ला' या पुस्तकाचे. त्याने त्याच मुलखातील म्हणून जी गीते छापली ती बहुतेक स्वतःच रचलेली होती. त्यांत हसन-आगाच्या पत्नीचे गीत तेवढे खरे होते. पूश्किनसारखा कवीही फसला, गटेने मात्र चेष्टा ओळखली. लोकगीताचा बाजार उभा राहिला की नकली मालही येतो, ही गोष्ट आजच्या आपल्या 'लोकतत्त्वा'च्या अभ्यासकांनी विसरू नये.)

या गीताची कथा थोडक्यात अशी. हसन-आगा जखमी होऊन छावणीत पडला आहे. त्याची आई आणि बहीण त्याला भेटून येतात. पत्नी लाजेमुळे जाऊ शकत नाही. बरा झाल्यावर तो निरोप धाडतो की माझ्या घरी माझी वाट पाहू नकोस. तिचा भाऊ येतो, फारकतीचा कागद देतो, तिला पाच मुलांपासून तोडून माहेरी नेतो आणि तिच्या विनवण्या न ऐकता इमोत्स्कीच्या काझीशी तिचे लग्न ठरवतो. वरात पहिल्या घरावरून जाते तेव्हा मुले बाहेर येतात. ती त्यांना भेटी देते. हसन-आगा मुलांना परत बोलावतो, तुमच्या आईचे काळीज दगडाचे आहे म्हणतो, आणि ते ऐकून ती जागीच प्राण सोडते.

पाश्चात्त्य समीक्षकांना या गीतात सर्वांत अडचण झाली ती पहिल्याच दुव्याची. नवरा जखमी असताना पत्नी केवळ लाजेने गेली नाही, हे कारण त्यांना अपुरे वाटले. कोणी त्यात गूढ शोधले, कोणी गीतात काही गाळले गेले असावे असे मानले. मूळ शब्द आहे 'स्तिद'. याचे मराठी काय करायचे? लाज, भीड, मर्यादा, संकोच. यांतील प्रत्येक शब्द थोडा वेगळ्या बाजूला झुकतो. पण मावळातल्या ज्या घरात सासऱ्यासमोर सून नवऱ्याशी बोलत नव्हती, चारचौघांत त्याचे नाव घेत नव्हती, त्या घरातून आलेल्या मुलीला हा दुवा समजावून सांगावा लागत नाही. तिला उलट हे दिसते की मर्यादा पाळली म्हणून शिक्षा आणि मोडली असती तरी शिक्षा, अशा कोंडीत ही बाई सापडली आहे. येथे स्थानिक अनुभव हा निबंधाच्या शेवटी जोडायचा भावनिक परिच्छेद राहत नाही. तो वाचनाचे साधन होतो. परस्थ वाचकाला जे दिसले नाही ते दाखवतो. आणि त्याच वेळी त्याला आवरही घालावा लागतो, कारण आगा, बेग, काझी ही ऑटोमन सरहद्दीवरील वरिष्ठ घराणी आहेत. त्यांच्या घरातील पडदा आणि वेल्ह्यातील नाचणी-वरईच्या शेतावर राबणाऱ्या बाईची मर्यादा एकच नव्हे. शेतात काम करणाऱ्या बाईला लाज परवडण्यालाही सीमा असते.

आणि मग प्रश्न येतो की या गीताच्या समोर मराठीतले काय ठेवायचे. येथे वेल्हे-भोरच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी प्वातवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवण्यास आरंभ केला. गरीब डोंगरी संघटनेशी त्यांच्या कामाचा संबंध होता. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले, संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेला, बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणाची मोठी बाजू सांभाळली, आणि प्वातवँ (२००४) व राईरकर (२०१०) यांच्या निधनानंतर हा संग्रह 'पारी' या संकेतस्थळावरून इंग्रजी अनुवादांसह लोकांपुढे येत राहिला. डेव्हिड डॅमरॉश यांनी २००३ मध्ये जागतिक साहित्याची जी व्याख्या केली, ती म्हणजे मूळ संस्कृतीच्या बाहेर, अनुवादातून वा मूळ भाषेतून, जे साहित्य फिरते ते. या व्याख्येनुसार डोंगरी तालुक्यांतल्या जात्यावरची ओवी जागतिक साहित्यात केव्हाच दाखल झाली आहे. त्याच तालुक्यातल्या महाविद्यालयात मात्र तिची जागा 'लोकसाहित्य' या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत आहे आणि ती तेथून बाहेर येत नाही. प्रश्नपत्रिकांचे हे विभाजन सोयीचे असेल; वाङ्मयविचाराला ते घातक आहे.

तुलना मांडताना पहिली सावधगिरी रूपबंधाची. हसन-आगाच्या पत्नीचे गीत ही कथा आहे. तिला निवेदक आहे, आरंभ आहे, मृत्यूने येणारा शेवट आहे. जात्यावरची ओवी छापील पानावर दोन ओळींची असते, आणि ती कथा सांगत नाही. तिच्यात संबोधन असते: सखीला, आईला, भावाला, सीतेला, पंढरीच्या विठ्ठलाला. कथा ऐकणारीला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. म्हणून एका कथागीताशेजारी एक सुटी ओवी ठेवणे हा रूपबंधाचा अज्ञानमूलक वापर होईल. तेथे ओव्यांचा समूह ठेवावा लागेल. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा, किंवा भावाच्या ओव्यांचा. शिवाय छापील ओवी ही गायलेली ओवी नव्हे. गाताना ओळ तुटते, तिचे तुकडे पुन्हा म्हटले जातात, मधे पालुपद येते, जात्याच्या फेऱ्याने लय ठरते. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गायकांची ध्वनिमुद्रणे केली आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' लिहिले, त्यामागचा मुख्य धडा हाच होता की मौखिक रचना ही पाठ केलेली संहिता नसून ठरीव शब्दबंधांच्या साहाय्याने दर वेळी नव्याने घडवलेली असते. ओवीतले ठरीव शब्दबंध विद्यार्थ्याला घरी ऐकू येण्याचा काळ आता बहुतांशी संपला आहे. पिठाच्या गिरणीने जाते बाजूला ठेवले त्याला दोन पिढ्या झाल्या. पण ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि छापील पाठ व गायलेला पाठ यांतील अंतर नोंदवणे हे प्रबंधिकेच्या आवाक्यातले काम आहे.

दुसरी गोष्ट भावाची. हसन-आगाच्या पत्नीचा भाऊ तिचे ऐकत नाही. ओवीतला भाऊ मात्र कौतुकाचा विषय, सणाला न्यायला येणारा, ज्याच्या वाटेकडे डोळे लागलेले. 'भेद' या रकान्यात हे टाकून मोकळे होणे फार सोपे आहे: तेथे निर्दय भाऊ, येथे प्रेमळ भाऊ. पण थोडे थांबले तर दिसते की दोन्हीकडे बाईला स्वतःचे घर नाही. एक घर नवऱ्याचे, दुसरे भावाचे. भाऊ हा दोन्हीकडे एकमेव दरवाजा आहे. एकीकडे तो उघडून तिला तिसऱ्याच घरी ढकलतो, दुसरीकडे तो उघडा राहावा म्हणून ती वर्षानुवर्षे गात राहते. ओवीतली भावाची स्तुती ही केवळ मायेची अभिव्यक्ती नाही, ती एक मागणीही आहे. तो येईल याची खात्री असती तर इतक्या ओव्या लागल्या नसत्या. भावजयीविषयीचा ओव्यांतला सावध, कधी बोचरा सूर हीच शंका दुसऱ्या बाजूने सांगतो.

येथे वेल्हे-भोरचा आजचा संदर्भ टाळता येणार नाही. पुण्याचे पैसे या डोंगरउतारांवर आले तशी जिरायती तुकड्यांनाही किंमत आली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. कागदावर हक्क आला, आणि त्याबरोबर हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीतही घट्ट झाली. सही देणारी बहीण माहेर तुटू नये म्हणून देते. आईने किंवा आजीने जात्यावर गायलेली भावाची ओवी आणि मुलीने तलाठ्याच्या किंवा निबंधकाच्या कचेरीत केलेली सही यांत एकच व्यवहार चालू आहे असे म्हणणे घाईचे होईल. पण ओवीचा अर्थ लावताना ती सही डोळ्यांआड करणे हे अधिक घाईचे आहे. हसन-आगाच्या पत्नीला भाऊ देतो तो फारकतीचा कागद. कागद दोन्हीकडे भावाच्या हातून येतो.

देशीवादाची बाजू येथे कोणी मांडील. भालचंद्र नेमाडे यांनी ऐंशीच्या दशकात आणि पुढे 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये आंतरराष्ट्रीयतेच्या पोकळ आकर्षणावर जी टीका केली तिचा धाक अजून आवश्यक आहे. 'आपल्याकडेही' म्हणणाऱ्या निबंधाला तिने योग्य उत्तर दिले. परंतु देशीय भूमीचा उल्लेख हा वाचनाचा पर्याय होऊ शकत नाही. माझ्या गावची ओवी मला अधिक कळते, हे विधान हसन-आगाच्या पत्नीच्या गीताशेजारी तपासले तेव्हाच भावाच्या ओवीतली मागणी आपल्याला ऐकू आली. फक्त ओव्यांतच राहिलो असतो तर बहुधा बंधुप्रेमाचे कौतुक करून थांबलो असतो. लोकसाहित्याच्या कितीतरी पुस्तकांत तेच झाले आहे.

रवींद्रनाथांनी १९०७ मध्ये कलकत्त्याला दिलेल्या 'विश्वसाहित्य' या व्याख्यानात पृथ्वी म्हणजे तुझे शेत, माझे शेत, त्याचे शेत यांची बेरीज नव्हे, अशा आशयाचा दृष्टान्त दिला आहे. तसे पाहणे हे गावंढळ पाहणे होय, असे ते म्हणतात. दृष्टान्त सुंदर आहे, पण भाताची खाचरे करणाऱ्या मुलखात तो जरा वेगळा वाचला जातो. खाचराला बांध असतो म्हणून पाणी ठरते आणि तो एका जागी फोडलेला असतो म्हणून खालच्या खाचरात उतरते. बांधच नसेल तर पाणी थेट ओढ्याला जाते. एमिली ॲप्टर यांनी २०१३ मध्ये जागतिक साहित्याच्या कल्पनेविरुद्ध अननुवादनीयतेचा जो आग्रह धरला, आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी त्यापूर्वी २००३ मध्ये भाषा प्रत्यक्ष शिकण्याचा जो आग्रह धरला, त्या दोहोंचा रोख या बांधाकडे आहे. फ्रांको मोरेत्ती यांनी २००० मध्ये सुचवलेले दूरस्थ वाचन, म्हणजे इतरांच्या वाचनांवर उभारलेले व्यापक चित्र, ग्रंथालय जवळ नसलेल्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारे आहे. पण ज्याच्याजवळ दहाच पुस्तके आहेत त्याने दूरवरून वाचण्याचे कारण नाही.

अशा प्रबंधिकेचे मूल्यमापन करताना परीक्षकांचीही कसोटी आहे. संदर्भसूचीत किती परदेशी नावे आली यावर गुण देण्याची सवय सोडावी लागेल. विद्यार्थ्याने कोणता पाठ वाचला, तो कोणाकोणाच्या हातून आला हे सांगितले का; एखाद्या शब्दापाशी तो थांबला का; आणि त्याच्या तुलनेने दोन्ही बाजूंचा आधीचा अर्थ हलला का, एवढे तीन प्रश्न पुरेत. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. ओव्यांच्या संग्रहातल्या नोंदींत मात्र गायिकेच्या गावापुढे तालुका म्हणून जुनेच नाव आढळेल. उद्याच्या विद्यार्थ्याला ती नोंद शोधताना हेही ठाऊक असावे लागेल, आणि 'स्तिद'ला मराठीत काय म्हणायचे हा प्रश्न त्यालाच किंवा तिलाच सोडवावा लागेल. भीड आणि मर्यादा यांपैकी प्रस्तुत लेखकाचा कल मर्यादेकडे आहे, कारण भीड माणसाची असते आणि मर्यादा घराची.